शोभाचं पोट आणि आमचे सण

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या घरात गेली चार वर्षं गव्हाचा दाणा आलेला नाही. पोळी नाही, शेवया नाहीत, रवा-मैदा नाही, पाव-बिस्किट नाही. माझी मुलगी शोभा आता आठ वर्षांची आहे आणि गहू तिच्या पोटाला विषासारखा आहे. हे ऐकलं की बायका पहिलं विचारतात, "मंग दिवाळीले करता तरी काय?"

मागच्या महिन्यात नांदगाव खंडेश्वरहून एक बाई तिचं वाळलेलं लेकरू घेऊन आली. कुणीतरी तिला आमचं नाव सांगितलं होतं. तिला मी लाडू सांगितले, चकल्या सांगितल्या. ती गेल्यावर लक्षात आलं की सोपं होतं तेवढंच मी सांगितलं. बाकीचं गाळलं. म्हणून हे लिहायला बसले. मी सातवीपर्यंतच शिकले आहे, तेव्हा लिहिण्यात उणंअधिक असेल.

प्रकाश

शोभाच्या आधी मला एक मुलगा होता, प्रकाश. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो झाला. त्याच सुमारास यांना मालधक्क्यावर कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही खेड्यातून बडनेऱ्याला आलो.

खेड्यात आमचं रोजचं अन्न ज्वारीची भाकर. गव्हाची पोळी मी लहानपणी खाल्ली ती दुसऱ्यांच्या सणाची, आईने पदरात बांधून आणलेली, गार झालेली. क्वार्टरमध्ये चूल मांडली त्या दिवशीच मी ठरवलं होतं, माझं लेकरू रोज पोळी खाईल, आणि ती आपल्या तव्यावरची गरम. आठव्या महिन्यापासून प्रकाशला मी दुधात पोळी कुस्करून देऊ लागले.

वर्षाचा होईपर्यंत तो गुटगुटीत होता. मग त्याचं पोट फुगलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. पांढरट, फेसाळ जुलाब. दिवसभर मी फडकी धूत बसे. कुणी जंत म्हणालं, कुणी लिव्हर म्हणालं, सासूबाई नजर म्हणाल्या. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: पचायला हलकं द्या, गव्हाचं सत्व द्या.

सत्व करायला चार-पाच दिवस लागतात. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी पाट्यावर वाटून फडक्यातून पिळायचे, खाली बसलेला पांढरा साका उन्हात वाळवायचा. माझ्या हाताला त्या आंबूस पाण्याचा वास कायम असे. प्रकाश जितका वाळत गेला तितकं मी सत्व वाढवत गेले. तो गेला तेव्हा अडीच वर्षांचा होता. भर उन्हाळा होता, दुपारचे दोन वाजले होते. सत्वाचा डबा अर्धा भरलेला राहिला होता, तो मी शेजारणीच्या सुनेला देऊन टाकला.

त्यानंतर आमच्या घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही.

शोभा

शोभा झाली तेव्हा मी ठरवून तिला वर्षभर अंगावरच पाजलं, जोडीला तांदळाची पेज. पोरगी छान होती. मग लोक म्हणू लागले, आता हिला अंगात ताकद यायला पाहिजे. मी पुन्हा पोळी कुस्करली.

दोन वर्षांची होईपर्यंत तिचंही पोट फुगलं. ती चालायला लागली होती, ती चालायची थांबली. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा स्वभाव गेला. कोपऱ्यात बसून राही. कुणी जवळ घेतलं की किंचाळे. ताट दिसलं की भिंतीकडे तोंड करी. सण आला की तिचं दुखणं दुप्पट होई. त्या दिवशी घरात करंज्या, शंकरपाळे, चिरोटे. क्वार्टरभर ताटं फिरायची. देवपूजा आम्ही सोडली होती, पण लेकरांच्या तोंडचं गोडधोड कशाला सोडायचं, म्हणून मी सगळं करत असे. सगळ्यांची पोरं हात भरून खायची. माझ्या पोरीच्या तोंडात मी जबरदस्तीने करंजीचा तुकडा घालायचे. दुसऱ्या दिवसापासून जुलाब.

एका पावसाळ्यात मी तिला घेऊन महिनाभर माहेरी राहिले. तिथे भाकर, आंबील आणि वरण याशिवाय काही नव्हतं. पोट जरा उतरलं. एकदा ती कोंबडीच्या मागे चार पावलं चालली. मला वाटलं गावचं पाणी मानवलं. दिवाळीसाठी परत आलो, आणि दिवाळीच्या आठव्या दिवशी तिची मान धरवेना.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कुठल्याशा बुवाचा अंगारा घेऊन आल्या. हे भडकले. "घरात हे चालनार नाही म्हंजे नाही!"

आत्याबाईंनी अंगाऱ्याची पुडी मुठीत घट्ट धरली. "एक पोट्टं गेलं तुह्या ग्यानापायी. आता हेबी जाऊ दे."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला तो अंगारा हवा होता. काहीही चाललं असतं.

वॉर्डातले दिवस

अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला ठेवलं. तेवीस दिवस.

तिथला दिवस पहाटे झाडूच्या आवाजाने सुरू होई. खाटांखाली झोपलेल्या आम्ही आया उठून चटया गुंडाळायचो. मग थर्मामीटर, मग सुई, मग दुधाचा पिंप आणि पावाची टोपली. पाव दुधात भिजवून भरवायचं काम आमचं. मी ते मन लावून करत असे. एकही तुकडा वाया जाऊ देत नसे. तेव्हा मला कोण सांगणार होतं?

शेजारच्या खाटेवर धामणगावच्या एका बाईची मुलगी होती, विषमज्वराची. ती बाई मला म्हणे, "तू जरा पाठ टेक व माय, तुह्या पोरीकडे मी पाहातो." दिवसाला अर्धा तास मी तिच्या भरवशावर झोपले. त्या तेवीस दिवसांत एवढाच जिवाला विसावा. तिची मुलगी बरी झाली आणि ती निघाली तेव्हा स्वतःची चटई माझ्यासाठी ठेवून गेली.

पलीकडच्या रांगेत एक लेकरू सकाळी गेलं. चादर ओढली तेव्हा आम्ही सगळ्या आयांनी तिकडे पाठ केली आणि आपापल्या पोरांच्या अंगावर हात ठेवला. मी प्रकाशसाठी रडले नव्हते इतकी तिथे रडले. मग मला भीती वाटली की माझ्या रडण्याने शोभाचं काही वाईट होईल, म्हणून थांबले.

चोविसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. इथे ठेवून फरक पडेल असं वाटत नाही." त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. शोभा तीन वर्षांची होती आणि वजन वर्षाच्या पोरीएवढं. मी तिला खांद्यावर घेतलं तर खांद्याला भार जाणवेना.

अकोल्याच्या बाई

यांच्या ऑफिसातल्या एकाने अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्या विलायतेत लहान मुलांचंच शिकून आल्या होत्या. सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. मला आशा नव्हती. हे म्हणाले, "रेल्वेचा पास आहे, जाऊन तर येऊ," म्हणून गेलो.

बाई पन्नाशीच्या. त्यांनी शोभाचं पोट दाबलं नाही की जीभ पाहिली नाही. आधी विचारलं, "ही बरी कधी असते?"

मला प्रश्नच कळला नाही. आजवर सगळ्यांनी आजारी कधीपासून एवढंच विचारलं होतं.

"आठवा," त्या म्हणाल्या. "एखादा महिना, एखादा आठवडा."

मी माहेरच्या पावसाळ्याचं सांगितलं. कोंबडीचं सांगितलं.

"तिथे काय खात होती?"

"भाकर. आंबील. दुसरं काई नव्हतं बाई तिथं."

"आणि घरी? सकाळपासून सांगा. एक घाससुद्धा सोडू नका."

मी सांगत गेले. त्या लिहीत होत्या. पोळी, बिस्किट, सत्वाची खीर, शेवया, दवाखान्यातला पाव. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दोन महिने गव्हाचा कण तिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. गहू, रवा, मैदा, सत्व, पाव, शेवया, काही नाही. ज्वारी द्या, तांदूळ द्या, डाळी द्या, केळं द्या. मला वाटतं तिच्या आतड्याला गहू चालत नाही. नक्की काय ते दोन महिन्यांनी कळेल."

"मंग बरी होईल?"

"गहू सोडला तर जगेल, असं मला वाटतं. पण तो कायमचा सोडावा लागेल."

हे उठून बाहेर गेले. मी बसून राहिले. मग मी विचारलं, "बाई, माझा पहिला पोरगा असाच गेला. मी त्याले सत्व देत होती. वाटी वाटी देत होती."

"मी त्याला पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या, "त्यामुळे नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणता येत नाही." मग पुढे होऊन त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तो हात ठेवला नसता तर मी कदाचित त्यातलं "नाही" धरून बसले असते; हात ठेवला तेव्हा मला "हो" कळलं.

गाडीत यांना मी त्यातलं काही सांगितलं नाही.

आत्याबाई

पंधरा दिवसांत जुलाब निम्म्यावर आले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शोभाने स्वतः हात पुढे करून भात मागितला. मी ताटली हातात धरून उभीच राहिले.

मग पावसाळा लागला आणि सगळं अडलं. पुन्हा पोट, पुन्हा फेस. आम्ही अकोल्याला धावलो. बाईंनी विचारलं, "ज्वारी दळता कुठे?" गिरणीत, त्याच जात्यावर, गव्हाच्या मागून. त्या दिवसापासून मी घरी जातं मांडलं. हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे त्याच खेपेस कळलं. हिंग बंद केला. तरी पोरगी खालीच जात होती.

आत्याबाईंना हे पथ्य पटलेलंच नव्हतं. "आमचा जलम भाकरीत गेला," त्या म्हणायच्या. "पोरीले पोयी द्याची ऐपत आली, तं आता डाक्टर म्हन्ते भाकरच द्या. मोठ्यायची पोरं काय खाऊन राहिली मंग?" पोळी म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं अन्न नव्हतं, हे मला कळत होतं. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मी नळावरून लवकर परतले. आत्याबाई दाराआड बसल्या होत्या, शोभा त्यांच्या मांडीवर. पोळ्याचा दुसरा दिवस होता. शेजारच्या घरून पुरणपोळी आली होती आणि आत्याबाई तिचे बारीक तुकडे करून शोभाला भरवत होत्या. शोभा मुकाट्याने गिळत होती.

"कवापासून?" मी विचारलं.

"देतो एक तुकडा दुपारी," त्या म्हणाल्या. "लेकरू दुसऱ्याच्या तोंडाकडे पाह्यते. मले पाहावत नाही."

वीस दिवस त्या रोज तुकडा देत होत्या, हे तेव्हा कळलं. माझ्या हातातली घागर कशी खाली ठेवली मला आठवत नाही. मी म्हणाले, "तुमी मारून राहिल्या तिले. तुमी."

त्यांनी शोभाला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अन् पयल्याले कोनं मारलं व?"

त्या रागात बोलल्या, पण अकोल्याहून आल्यापासून मी रोज स्वतःला हेच विचारत होते. ते आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मी उंबरठ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी आत्याबाई गावी निघून गेल्या. त्याच आठवड्यात शोभाचे डोळे खोल गेले, ओठ पांढरे पडले, आणि तीन दिवस आम्ही तिच्या तोंडात चमच्याने साखर-मिठाचं पाणी घालत होतो. हे रजा टाकून बसले होते. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडे ठेवले.

दोन महिने आत्याबाईंचा निरोप नव्हता. मग एका सकाळी त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या, डोक्यावर नव्या ज्वारीचं गाठोडं. आत आल्या, शोभाला लांबूनच पाहिलं, जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "ह्या जवारीच्या लाह्या मस्त फुटते. कढई ठेव."

त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही.

सण

सणाचं खाणं मला आत्याबाईंनीच शिकवलं. गहू नसलेल्या घरात सण कसा करायचा हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांच्या घरी गहू कधी नव्हताच. ज्वारीच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून लाडू. लाह्यांचाच चिवडा, वरून शेंगदाणे आणि कढीपत्ता. ज्वारीच्या पिठात गूळ आणि तीळ घालून थापलेल्या दशम्या. तांदूळ तीन दिवस भिजवून अनारसे. तांदूळ आणि डाळी भाजून, घरच्या जात्यावर दळून चकल्या. करंजीला मी तांदळाच्या उकडीची पारी करते. दोनदा फुटते, तिसऱ्यांदा जमते. पुरण तसंच भांड्यातून, तूप घालून, चमच्याने. बुद्धपौर्णिमेची खीर तांदळाचीच असते, त्या दिवशी मला काहीच बदलावं लागत नाही. म्हणून तो दिवस मला जरा जास्त आवडतो.

रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, येई तेव्हा सगळं क्वार्टर नाकं मुरडायचं. मी आमच्या वाट्याचा गहू दुकानातच देऊन त्यांची मिलो घ्यायचे. लोकांना वाटायचं माझं डोकं फिरलं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना एवढंच सांगते: पथ्याचं ताट वेगळं करू नका. घरातल्या सगळ्यांनी तेच खायचं. आम्ही पहिली दिवाळी वेगळं ताट केलं होतं. शोभाने त्यातलं काही खाल्लं नाही, आमच्या ताटाकडे पाहत राहिली. आणि सगळ्याच वाळलेल्या लेकरांचं दुखणं हे नसतं. नांदगावच्या त्या बाईला मी नंतर अकोल्याला घेऊन गेले. तिच्या मुलाला क्षय निघाला. आता तो दवाखान्यात आहे, काय होईल सांगता येत नाही. तिला मी उगाच आशा लावली, असं मला राहून राहून वाटतं.

वाढदिवस

शोभा सहा वर्षांची झाली त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा तिचा वाढदिवस केला. ती अजूनही वयाच्या मानाने बुटकी होती, पण पळत होती. क्वार्टरमधली चौदा पोरं बोलावली. मी आणि आत्याबाईंनी आदल्या दिवसापासून लाडू वळले, चिवडा केला, चण्याच्या डाळीचे वडे तळले, नारळाच्या वड्या थापल्या.

नऊ पोरं आली. त्यातल्या तिघांनी हात लावला नाही. एक पोरगी म्हणाली, "आईनं सांगतलं, तिथं काई खाऊ नोको." तिच्या आईला शोभाच्या आजाराची भीती होती की दुसरंच काही कारण होतं, ते मी विचारलं नाही. शोभाने त्या तिघांच्या पुढ्यात परत परत लाडू ठेवले. मग तिला समजलं आणि तिने ते उचलून घेतले.

पोरं गेल्यावर ऊन उतरलं होतं. हे अंगणात सतरंजी झटकत होते, मी ताटल्या गोळा करत होते. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "प्रकाशलेबी हेच असन ना?"

माझ्या हातातल्या ताटल्या मी खाली ठेवल्या. "असन," मी म्हणाले.

"मले अकोल्यालेच समजलं होतं. म्हनून बाहीर आलो." त्यांनी सतरंजीची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. "बिस्किटाचे पुडे मीच आनो."

"सत्व मी करत होती."

एवढंच बोललो. तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून हे लपवत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

शोभा दारात उभी होती. कधीपासून ते कळलं नाही. "प्रकाश कोन?" तिने विचारलं.

मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, तुला एक मोठा भाऊ होता, त्याचंही पोट तुझ्यासारखंच होतं.

तिने विचार केला. "मंग त्याले कोनी सांगतलं नाही का, गहू नोको खाऊ म्हनून?"

"कोनालेच माईत नव्हतं, बाई."

ती हातातला लाडू कुरतडू लागली. "त्याले काय आवडे?"

खाण्यातलं काय आवडायचं ते मला चांगलं आठवत होतं, पण ते मी सांगितलं नाही. मी सांगितलं की इंजिन पाणी घ्यायला थांबलं की मी त्याला कडेवर घेऊन कुंपणाशी जायची, आणि वाफ सुटली की तो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायचा.